तीन भोकं, एक गोळी

१

शुक्रवारी संध्याकाळी देवापाशी दिवा लावून सुलक्षणा वर्दे बाहेरच्या खोलीत आल्या, तेव्हा त्यांचे यजमान टेबलावर कपाळ टेकून बसले होते. दिवसभर वाकून काम करायचं, दिवेलागणीला डोळे जड व्हायचे. असे ते कधीकधी बसत. सुलक्षणाबाईंनी हाक मारली नाही. चहा टाकायला वळल्या, तेव्हा टेबलाच्या कडेवरून काहीतरी ठिबकताना दिसलं. त्यांना वाटलं, शाईची बाटली कलंडली.

शाई काळी असते. हे काळं नव्हतं.

मुलुंडच्या पश्चिमेला गाळ्यांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, श्यामसुंदर वर्द्यांचं नकाशे ट्रेस करण्याचं आणि त्यांच्या निळ्या प्रती, म्हणजे अमोनिया प्रिंट, काढण्याचं दुकान होतं. मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. वर्दे टेकडीवरच्या रायफल क्लबचे सेक्रेटरीही होते, पण घरात कधी बंदूक आणली नाही. माणूस शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

मानेत एक गोळी लागली होती. दुसरी चुकून मागच्या प्लायवुडच्या कपाटात घुसली होती. आणि गल्लीत कोणीही बंदुकीचा आवाज ऐकला नव्हता.

एरवी लेथ मशिनांच्या घरघरीत तोफ उडाली तरी कळली नसती. पण शुक्रवार म्हणजे गाळ्यांची सुट्टी. शेजारच्या चाळीतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील इतकी शांतता. सुलक्षणाबाई फक्त एवढं सांगू शकल्या, की हात जोडलेले असताना बाहेर कोणी गादी झटकल्यासारखं दोनदा वाजलं.

रात्री साडेनऊला पोलिसांनी त्याच चाळीतून सहदेव घाडीला उचललं.

२

रविवारी सकाळी सहदेवची बायको मालन वसुधाबाई दिघ्यांच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, माज्या घोवाक वाचवा. तुमका तेतला कळता."

वसुधाबाईंनी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली होती. एन.सी.सी.च्या मुलींना रायफल शिकवण्यासाठी पंधरा वर्षं त्या दर रविवारी टेकडीवरच्या क्लबात जात होत्या. सहदेव तिथला टार्गेटवाला. गिरणी बंद पडल्यावर वर्द्यांनीच त्याला ते काम दिलं होतं. नेमाची कार्डं लावायची, भोकांवर चिकटपट्टी मारायची, गोळ्या अडवणाऱ्या बांधाची माती सारखी करायची.

"तीन महिन्यामागे काढल्यानी त्येका कामावरसून," मालन म्हणाली. "सांगल्याशिवाय तीन दिवस ऱ्हवलो म्हणान. तेवा रागान बोललो, बघून घेतंय. चाळीन ऐकला सगळा. पण बाई, तोंडान बोलणारो माणूस तो. कोंबडा कापूचा झाला तरी शेजाऱ्याक बोलावता."

"घरात काय सापडलं पोलिसांना?"

"डब्यात शिसा होता. बांधात पडलेल्यो गोळयो येचून हाडी. आमच्या गावाक जाळ्याक बांधूक लागता शिसा. ते म्हणतत, गोळयो बनवी."

मालनने पदर तोंडाशी नेला.

"उद्या कोरटात कबूल होतलो म्हणतत. माका भेटूक देणत नाय. नाय केलेला कबूल कित्याक करतलो तो, बाई?"

 वसुधाबाईंनी चपला घातल्या.

३

सब-इन्स्पेक्टर नंदकिशोर सावे एकेकाळी त्यांच्या प्रयोगशाळेत शेवटच्या बाकावर बसायचा. त्यांना बघून तो उभा राहिला आणि बाजूला हवालदार कासार आहेत हे आठवून पुन्हा बसला.

"बाई, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा ना."

"फोन शेजाऱ्यांकडे आहे. खुनाचं त्यांच्या हॉलमध्ये उभं राहून बोलू?"

नंदकिशोर हसला. मग कागद ओढून त्याने एक चौकोन काढला, चौकोनात एक लांबट भोक.

"हे कपाट. गोळी समोरून सरळ आली तर भोक गोल. बाजूने तिरकी आली तर लांबट. हे बघा, आडवं लांबट आहे. मानेची जखमही लांबट. म्हणजे गोळ्या डावीकडून तिरक्या आल्या. खिडकीतून डावीकडे काय दिसतं? चाळीची एकच गॅलरी. सहदेवची."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच की. टॉर्चचा उजेड भिंतीवर तिरका पाडून दाखवला होतात. गोलाचं अंडं होतं."

 वसुधाबाईंच्या तासाला ढाराढूर झोपणाऱ्या या पोराने नेमका तोच दिवस लक्षात ठेवला होता.

"रायफल सापडली?"

"नाल्यात टाकली असेल."

"आवाज का नाही आला?"

"काहीतरी बांधलं असेल तोंडाला. उशी, चिंध्या. लॅबचा रिपोर्ट यायला तीन आठवडे आहेत, बाई, आणि हा आत्ताच कबूल होतोय. काल रात्री स्वतःहून म्हणाला. आईशपथ, बोट लावलेलं नाही."

हवालदार कासार डायरीत काहीतरी लिहू लागले. पेनाचं टोपण काढलेलं नव्हतं.

"मला त्याला भेटू दे."

"आज नाही. उद्या अकराला कबुलीजबाबासाठी मॅजिस्ट्रेटसमोर उभा करतो. त्याने तिथे तोंड उघडलं की माझ्याही हातात काही उरत नाही."

"मग खोली तरी बघू दे."

"बघा. पंचनामा झालाय. पण बाई, एक सांगू? उगाच त्या बाईला आशा लावू नका."

४

वर्द्यांच्या घरी बायका बसून होत्या. सुलक्षणाबाईंनी वसुधाबाईंना हाताला धरून बाहेरच्या खोलीत आणलं आणि स्वतः उंबऱ्यावर थांबल्या.

खोली लांबट होती. गल्लीकडे रुंद खिडकी. खिडकीच्या उजव्या अंगाला वर्द्यांचं टेबल. डाव्या अंगाला भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेल्या दोन तारा, एक खिडकीला लागून, दुसरी खोलीच्या मध्यावर. तारांवर पक्के बसवलेले चिमटे. त्यामागे प्लायवुडचं कपाट.

वसुधाबाई कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. भोक आडवं लांबट होतं, नंदकिशोर म्हणाला तसंच. पण त्याची दोन टोकं सारखी नव्हती. डावं टोक निमुळतं, उजवं चौकोनी. टॉर्चचा उजेड तिरका पाडला तर असा पडत नाही.

"तारा रिकाम्या का?"

"प्रिंटा होत्या," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "स्ट्रेचर आत येईना, म्हणून हवालदारांनी काढून कोपऱ्यात ठेवल्या."

कोपऱ्यात एक भेंडोळं उभं होतं. कोणी उघडलं नव्हतं. वसुधाबाईंनी ते जमिनीवर पसरलं. सहा मोठे कागद. त्यातल्या दोन कागदांना भोकं होती.

"कुठला कागद कुठे होता, सांगता येईल?"

"तारीख बघा कोपऱ्यातली. त्यांची शिस्त होती. त्या दिवशी काढलेली प्रिंट खिडकीच्या तारेवर. वास बाहेर जावा म्हणून. दुसऱ्या दिवशी ती आतल्या तारेवर सरकायची. आणि नंबराप्रमाणे, डावीकडून."

शुक्रवारची तारीख असलेले तीन कागद त्यांनी खिडकीच्या तारेला लावले, गुरुवारचे तीन आतल्या तारेला. खाली लाकडी पट्ट्यांची वजनं अडकवली. मग वसुधाबाई एका बाजूला झाल्या.

खिडकीजवळच्या कागदावरचं भोक उभं लांबट होतं. आतल्या कागदावरचं तिरपं. कपाटावरचं आडवं.

"एका गोळीची तीन भोकं," त्या हळू म्हणाल्या. "आणि तीन तऱ्हांची."

"म्हणजे काय हो?"

"गोळी बाजूने आली असती तर तिन्ही भोकं एकाच अंगाला लांबट झाली असती. ही तशी नाहीत. ही गोळी कोलांट्या खात आली. नाक पुढे ठेवून आलीच नाही."

सुलक्षणाबाईंना काही कळलं नाही.

"भोवरा जोरात फिरतो तोवर ताठ उभा असतो ना? फिरकी कमी पडली की डोलतो आणि लोळतो. बंदुकीच्या नळीत आटे असतात, ते गोळीला फिरकी देतात. ती पुरली नाही तर गोळी हवेत आडवी होते. आणि आडव्या गोळीचं भोक लांबट पडतं, सरळ समोरून आली तरीसुद्धा."

त्यांनी शिवणाचं रीळ मागितलं. दोऱ्याचं टोक कपाटाच्या भोकात काडीने बसवलं. दोरा आतल्या कागदाच्या भोकातून ओवला, मग खिडकीजवळच्या कागदाच्या, आणि ताणून खिडकीच्या गजाला बांधला. दोरा कागदांना कुठेही घासत नव्हता.

वसुधाबाईंनी कपाटाला गाल टेकवला आणि दोऱ्यावरून नजर सोडली. ती डावीकडे चाळीकडे गेलीच नाही. नाकासमोर गल्ली ओलांडून समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या लाकडी झडपांच्या खिडकीत शिरली. खिडकीखाली पत्र्याची पाटी होती.

रतन धुरी. बंदूक दुरुस्ती व टर्निंग.

"असं कसं?" सुलक्षणाबाईंचा आवाज चिरकला. "रतनभाऊ काल स्मशानात लाकडं रचत होते. मला वहिनी म्हणतात."

वसुधाबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. थोड्या वेळाने विचारलं, "वर्दे कसल्या काळजीत होते का?"

"आठवडाभर धड जेवले नाहीत. एक छोटा नकाशा ट्रेसिंगला आला होता. पंपाचा भाग म्हणे. त्याच्याकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, हा पंप पाणी ओढायचा नाही. मी विचारलं तर म्हणाले, एका माणसाला शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. स्वतः पोलिसांत गेला तर ठीक, नाहीतर मी जाणार."

"कोणाला?"

"नाव नाही सांगितलं. म्हणाले, त्याची अब्रू जाईल गं."

तो नकाशा दुकानात कुठेही सापडला नाही.

५

नंदकिशोर आला. दोऱ्यावरून पाहिलं, कागद उलटसुलट केले, खुर्चीवर चढून पाहिलं, पुन्हा दोऱ्यावरून पाहिलं. मग कपाळ पुसत म्हणाला, "वाट लागली."

"कोणाची?"

"माझी. पण बाई, रतन एकटा नाही त्या गाळ्यात. मी शुक्रवारीच विचारलं होतं सगळ्यांना. तो म्हणाला, गाळ्याची एक किल्ली चंद्रप्रकाश तळपद्याकडे आहे. त्याची रायफल दुरुस्तीला होती."

चंद्रप्रकाश तळपदे हा क्लबचा सगळ्यात चांगला नेमबाज आणि सगळ्यात नावडता माणूस. महिन्यापूर्वी राज्याच्या संघासाठी वर्द्यांनी त्याचं नाव पाठवलं नव्हतं. त्यावरून क्लबात खुर्च्या उडाल्या होत्या.

तो टेकडीवर एकटाच सराव करत होता. वसुधाबाईंना बघून त्याने कानातले बोळे काढले.

"या बाई. वर्द्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळून झाली सकाळी. आणखी पाळायची का?"

"भांडण होतं ना तुमचं?"

"होतं. आहे. मेला म्हणून मी त्याला साधुसंत म्हणणार नाही. माझं वर्ष खाल्लं त्याने." त्याने रायफल खाली ठेवली. "पण मी मारायचं ठरवलं असतं ना, तर एकच गोळी लागली असती. तीस पावलांवर पहिली चुकवायला मी काय बँकेचा वॉचमन आहे?"

"गाळ्याची किल्ली तुमच्याकडे होती."

"गुरुवारी घेतली, रायफल आणली, शुक्रवारी सकाळी दिली परत. रतनच्या हातात. त्याला विचारा."

तो बोलता बोलता काडतुसांचा नवा बॉक्स फोडत होता. दूरवर कार्ड लावलं, पाच गोळ्या मारल्या, दुर्बिणीतून बघितलं, पुन्हा जाऊन कार्डच काढून आणलं. पाच भोकं, पाचही गोल. तारीख टाकून त्याने ते वहीत ठेवलं. वहीत अशी शेकड्याने कार्डं होती.

"दर बॉक्सला?"

"दर बॉक्सला. बायको चिडवते, नवीन कुकर आणला तरी हा आधी कार्डावर बघेल."

वसुधाबाईंनी पिशवीतून पातळ कागद काढला. कपाटावरचं भोक त्यांनी पेन्सिलीने छापून घेतलं होतं. चंद्रप्रकाशने ते एकदाच बघितलं.

"आडवी. पूर्ण आडवी. ही कोणत्या गाढवाने भरली? कार्डावर पहिल्याच गोळीला कळलं असतं की ही नळी या गोळीला चालत नाही."

"कार्डावर मारलीच नसेल तर?"

"कार्डावर मारल्याशिवाय कोण..." त्याने वही मिटली. "बाई, आमच्यात कार्ड न बघता गोळी मारणारा एकच माणूस आहे. त्याला नेम बघायचाच नसतो. बंदूक चालली की नाही, एवढंच बघतो. वाळूच्या पेटीत मारतो."

६

रतन धुरीने स्टूल फडक्याने पुसून दिलं. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, बोटांच्या घड्यांत कायमचं तेल मुरलेलं. वसुधाबाईंच्या मुलींच्या रायफली त्याने वर्षानुवर्षं फुकट नीट केल्या होत्या.

"चहा सांगू? नंदकिशोरसाहेब, तुम्हाला?"

"किल्लीचं विचारायचं होतं," नंदकिशोर म्हणाला.

"तळपद्याकडेच आहे अजून. मी मागितलीही, देतो देतो करतो." रतनने मान हलवली. "वाईट वाटतं बोलायला. पण त्याचा राग तुम्हाला माहीत नाही."

"आणि शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही?"

"घरी. सुट्टी ना."

वसुधाबाई गाळा बघत होत्या. लेथ, कानशी, भिंतीला टेकवलेल्या दुरुस्तीच्या नळ्या. कोपऱ्यात लाकडी पेटी, गुडघाभर उंचीची, बारीक वाळूने भरलेली. दुरुस्त केलेली प्रत्येक बंदूक रतन तिच्यात एकदा उडवून बघायचा. कान जरा तिरका करून. घोड्याची खट, दारूचा आवाज, सगळं त्याला कानाने कळायचं. या कानाचा क्लबात दरारा होता.

"रतन," त्या म्हणाल्या, "इतर दिवशी या गल्लीत बंदूक उडाली तरी कोणाला ऐकू येत नाही. मग कोणी मुद्दाम शांततेचा दिवस का निवडावा? कारण इतर दिवशी या मजल्यावर माणसं असतात. सुट्टीच्या दिवशी नसतात, पण मग आवाज होऊन चालत नाही."

"तेच तर. तळपदे हुशार आहे."

"हुशार आहे. पण त्याची एक सवय आहे. तो कार्डावर बघितल्याशिवाय गोळी वापरत नाही. आणि ज्याने हे काम केलं त्याने गोळी कार्डावर बघितलीच नव्हती. आवाज तेवढा मारला. गोळी आडवी गेली."

रतनच्या हातातलं फडकं थांबलं.

"आडवी?" तो म्हणाला. "शक्य नाही. वाळूत चांगली सरळ..."

 खाली कोणाची तरी सायकल खडखडत गेली.

"वाळूत भोक राहत नाही, रतन," वसुधाबाई म्हणाल्या. "सरळ गेली काय, आडवी गेली काय. वाळू मिटून जाते."

नंदकिशोरने कासार हवालदारांना वर बोलावलं. त्यांनी खालच्या किराणावाल्याकडून गव्हाची चाळण आणली. दोघांनी मिळून वाळू चाळायला घेतली. चाळणीत नेहमीच्या आखूड गोळ्या निघत होत्या, वाकलेल्या, चपट्या. आणि अधूनमधून काही वेगळ्या. लांब, जड, शिशाच्या, हाताने ओतलेल्या. अकरा निघाल्या. तसलीच एक वर्द्यांच्या कपाटातून निघून पोलिसांच्या पाकिटात होती, नाकाऐवजी कुशीवर चेपलेली.

रतन लेथला टेकून उभा होता. पळायचा त्याने प्रयत्न केला नाही.

"दोन माणसं आली होती," तो म्हणाला. "नावं नाही सांगितली. म्हणाली, बिनआवाजाची पाहिजे. लोकांना वाटतं बंदुकीच्या तोंडाला आवाज कोंडणारी नळी लावली की आवाज गेला. गोळी वेगाने सुटली की ती स्वतःच हवेत चाबूक ओढते. तो आवाज कुठल्या नळीत कोंडणार? म्हणून गोळी संथ पाहिजे. आणि संथ गोळीने काम व्हायचं तर ती जड पाहिजे."

"जड म्हणजे लांब," वसुधाबाई म्हणाल्या. "लांब गोळीला फिरकी जास्त लागते, आणि संथ निघाली की फिरकी कमी मिळते. तू कान लावून बसलास."

"कान लावूनच बसलो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्या नळीचा नकाशा मला काढता येत नाही नीट. वर्द्यांकडे दिला. पंपाचा म्हणालो. त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. क्लबातला माणूस, त्यांना कळणारच. ओरडले नाहीत. मला घरी बोलावून म्हणाले, रतन, तुझ्या मुली उजवायच्या आहेत, माझ्या तोंडून नको जायला, तू स्वतः जा. शुक्रवारपर्यंत थांबतो."

"मग गेला का नाहीस?"

"त्या दोघांनी धाकट्या मुलीच्या शाळेचं नाव सांगितलं मला. वर्गासकट." तो जमिनीकडे बघत होता. "शुक्रवारी याच खिडकीतून मी गोळ्या झाडल्या. रात्रीच वहिनींच्या मदतीला म्हणून गेलो आणि नकाशा उचलून आणला. लेथखाली जाळला."

"आणि सहदेव?" वसुधाबाईंनी विचारलं.

"त्याला उचलतील असं माझ्या मनातही नव्हतं. देवाची आण."

"उचलल्यावर तर आलं ना मनात? दोन दिवस झाले."

 लेथच्या पाट्याखालून नंदकिशोरने गोणपाटात गुंडाळलेली रायफल ओढून काढली. तिच्या तोंडावर अजून ती नळी बसवलेली होती. जोड इतका सफाईदार, की नखाला लागू नये.

७

सोमवारी सव्वा बाराला सहदेव घाडीला मॅजिस्ट्रेटनी सोडलं. घड्याळ, कंबरेचा पट्टा आणि चपला ठाण्यात जमा होत्या, त्या घ्यायला नंदकिशोर त्याला परत घेऊन आला. वसुधाबाई मालनला घेऊन बाकावर बसल्या होत्या.

सहदेव जीपमधून उतरला. अंगावर कुठे वळ नव्हता. नंदकिशोरने शपथ खरी घेतली होती. पण तीन दिवसांत माणूस वाळून गेला होता. पायऱ्यांपाशी त्याला मालन दिसली, आणि तो तिथेच खिळला.

मालन उठली. त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "चल. घराक चल."

"तुका कधी सोडल्यानी?" सहदेवने विचारलं.

"माका?"

"मारल्यानी काय गो तुका?" तो तिचे हात उलटेपालटे करून बघत होता. मनगटं, बोटं, कोपर. "मी कबूल होतंय म्हणान सांगलेला मी. मगे सोडूक होया व्हता तुका."

"माका कोणी धरूक नाय," मालन म्हणाली. "मी घराकच व्हतंय. तीन दिवस. ह्या बाईंक इचार."

सहदेवने नंदकिशोरकडे पाहिलं. नंदकिशोरने कासार हवालदारांकडे.

हवालदार म्हणाले, "तसं काय नाय, साहेब. बोलून टाकलं आपलं. लवकर मोकळा व्हावा म्हणून."

"काय बोललात?"

"तुझी बायको पलीकडे आहे, म्हटलं. एवढंच. हात नाय लावला."

सहदेव पायरीवर बसला. मालनचा हात त्याने सोडला नव्हता.

"रातभर रडी," तो म्हणाला. "भिंतीपलीकडे. शुक्रवारी, शनवारी. पाणी मागी. काल सकाळपासून गप झाली. माका वाटला, माज्यापायी..." मान वर करून त्याने मालनला विचारलं, "तू नव्हतंस, तर ती कोण व्हती?"

 कासार हवालदारांनी डायरी उघडली, मिटली.

वसुधाबाईंनी आपली पिशवी बाकावर ठेवली. मालनला म्हणाल्या, "तू याला घेऊन जा. पाणी तापव, अंघोळ घाल. मी मागून येते."

ती दोघं फाटकाबाहेर जाईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग पुन्हा बाकावर बसल्या.

"बाई, तुमचं काम झालं ना?" नंदकिशोर म्हणाला.  "मी बघतो काय ते. तुम्ही घरी जा."

"आता बघ," वसुधाबाई म्हणाल्या. "मी इथे बसलेय."

 नंदकिशोरने हवालदारांपुढे हात पसरला आणि मागच्या खोल्यांच्या किल्ल्या मागितल्या.